'बनगरवाडी' खरी कुठे आहे? माणदेश, औंध संस्थान आणि कादंबरीतली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये पुस्तकरूपात आली. आमच्या वाचनकट्ट्यावर दरवर्षी कुणी ना कुणी ती पहिल्यांदा वाचतं आणि फिरून तेच प्रश्न येतात. गाव कुठलं, राजा कोण, कारभारी म्हणजे पाटील का, वगैरे. प्रत्येक वेळी तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून काढलं. कथानक ठाऊक आहे असं धरून चाललोय. वाचली नसेल तर आधी वाचा, छोटी आहे, दोन बैठकींत होते.

बनगरवाडी नावाचं गाव खरंच आहे का?

नकाशात नाव शोधून हाती फारसं लागणार नाही. बनगर हे धनगरांतलं आडनाव. माणदेशात आडनावावरून वाड्या पडायची रीतच आहे: चार भाऊबंद मेंढरं घेऊन एका माळावर टेकले, घरं वाढली, की झाली अमक्याची वाडी. तेव्हा बनगरांची वाडी एकाहून जास्त ठिकाणी सापडली तर नवल नाही.

कादंबरीतला मुलूख मात्र ओळखू येतो. तो आटपाडीच्या आसपासचा आहे. लेखकाचं गाव माडगुळे, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं. १९२७ साली तिथेच त्यांचा जन्म. त्या भागात विचारलंत तर लोक लेंगरेवाडीचं नाव घेतात. माझं म्हणाल तर एका वाडीवर बोट ठेवायची घाई करू नये. 'माणदेशी माणसं' (१९४९) वाचल्यावर कळतं की या लेखकाच्या डोक्यात असे पन्नास चेहरे आधीपासून फिरत होते. त्यांतले काही त्याने या वाडीत राहायला आणले.

माणदेश म्हणजे नेमका कुठला भाग?

माण नदीच्या खोऱ्याचा. साताऱ्यातला माण तालुका, सांगलीतला आटपाडी, सोलापुरातला सांगोला असा तीन जिल्ह्यांत तो विभागला आहे. नदी पुढे भीमेला मिळते. 'मिळते' हे क्रियापद वर्षातले थोडेच दिवस लागू पडतं, एरवी पात्रात वाळू.

सगळं दुखणं पावसाचं. सह्याद्री ढग अडवतो. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास, तोही मन मानेल तसा. माती वीतभर, खाली मुरूम. बाजरी, हुलगा, मटकी आणि जरा बरं रान असेल तिथे रब्बीची ज्वारी. बाकी कुसळ आणि बाभळी. अशा जमिनीवर माणसापेक्षा मेंढरू सुखी. कादंबरीतली वाडी धनगरांचीच का, याचं पहिलं उत्तर या मुरमात आहे.

गोष्ट कोणत्या काळातली?

संस्थान अजून चालू आहे त्या काळातली, म्हणजे १९४८ च्या आधीची. राजाराम सौंदणीकर हा पोरगेला मास्तर इंग्रजांच्या शाळेत नेमला गेलेला नाही. तो औंध संस्थानाचा नोकर आहे. हे लक्षात न घेता वाचलं तर तालमीचा सगळा भाग नुसता गमतीचा वाटतो.

औंध संस्थान म्हणजे पंतप्रतिनिधींचं. क्षेत्रफळ जेमतेम ५०० चौरस मैल आणि तेही सलग नाही. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे आणि गुणदाळ थेट विजापूरकडे. मध्ये इंग्रजी मुलूख किंवा दुसऱ्या कुणाचं संस्थान. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर वाटेत हद्द ओलांडावी लागे. आटपाडी हा त्यातला कोरडा, लांबचा तुकडा, आणि त्या तुकड्याच्या टोकाला अशी एखादी वाडी. सरकारचा माणूस म्हणून तिथे पायी चालत कोण पोचणार? मास्तरच.

तालमीच्या उद्घाटनाला येणारा राजा खरा होता का?

होता. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९०९ मध्ये गादीवर आले, १९५१ मध्ये वारले. राजे म्हणून वेगळंच प्रकरण. स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत, आणि औंधला त्यांनी उभारलेलं संग्रहालय आजही बघण्यासारखं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला तो याच संस्थानाने, १९१० मध्ये. तिथे किर्लोस्करवाडी झाली.

आणि व्यायाम. सूर्यनमस्कार हा या माणसाचा ध्यास होता. रोज स्वतः घालायचे, त्यावर पुस्तकं लिहिली, संस्थानातल्या शाळांतून पोरांकडून घालून घेतले. आता तो प्रसंग पुन्हा वाचा. मास्तर वाडीत तालीम बांधायची कल्पना काढतो, लोक राबून ती उभी करतात आणि खुद्द सरकार ती पाहायला येतात. ज्या राजाला तालीम म्हटलं की गहिवरून येई, त्याला एवढ्या आडरानात आणण्याची युक्ती मास्तरला दुसरी कुठली सापडणार? देऊळ बांधलं असतं तर कदाचित मामलेदारही फिरकला नसता.

औंधने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्य दिलं म्हणतात. मग वाडीत ते दिसत कसं नाही?

चांगला प्रश्न, आणि कमी विचारला जाणारा. महात्मा गांधींच्या सल्ल्याने, मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनियराच्या आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांच्या खटपटीतून १९३९ मध्ये औंधला नवी राज्यघटना आली. राजाने आपले अधिकार लोकांच्या हाती दिले, गावपंचायतींवर कारभार सोपवला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत याच काळातली. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट तिच्यावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर म्हणजे आपल्या लेखकाचे थोरले बंधू. एका घराने एकाच मुलखातून दोन निरनिराळ्या गोष्टी उचलल्या.

पण बनगरवाडीच्या माणसाला घटना कुठे भेटते? नाहीच भेटत. त्याला शाळा भेटते, आणि तीही आधी नकोशी, कारण पोरगं शाळेत बसलं तर कोकरांमागे कोण जाणार. माझ्या मते लेखकाने घटना मुद्दाम लपवलेली नाही. वाडीच्या उंचीवरून जे दिसतं तेवढंच त्याने दाखवलं.

कादंबरीतले धनगर गरीब आहेत का?

'हो' म्हणून मोकळं होता येत नाही. इथे श्रीमंती चालती-फिरती आहे. शेतकऱ्याची ऐपत एकरांवर मोजतात, धनगराची खांडात, म्हणजे मेंढरांच्या कळपात. शंभर मेंढरांचा धनी आजूबाजूच्या पाच एकर कोरडवाहूवाल्याहून बरा असू शकतो. वर्षातून दोनदा लोकर कातरायची, बकरी विकायची आणि सुगीनंतर काळ्या रानात मेंढरं बसवायची. हे 'बसवणं' म्हणजे रात्रभर कळप शेतात ठेवणं: लेंड्या-मुताचं खत शेतकऱ्याला, धान्य किंवा पैसे धनगराला. कृष्णाकाठचा बागायतदारही यासाठी धनगराची वाट बघे.

पण ही श्रीमंती दोन वर्षांत उडते. एक पावसाळा गेला की चारा नाही, दुसरा गेला की निम्मं खांड मरतं नाहीतर मिळेल त्या भावाला जातं. जमीन निदान जागेवर राहते. शिवाय मान. खांड कितीही मोठं असलं तरी बाजारगावात धनगर म्हणजे अडाणी, रानटी, घोंगडीवाला. हिशेबात त्याला सहज फसवता येतं हे व्यापाऱ्याला ठाऊक आणि धनगरालाही ठाऊक. पैसा आणि पत या दोन वेगळ्या चिजा आहेत, हे या कादंबरीत सतत जाणवत राहतं.

घोंगडीचंच बघा. खरसुंडीच्या यात्रेत मी एका म्हाताऱ्याला चालता-चालता सूत काढताना पाहिलं. डाव्या मनगटाला लोकरीचा पेळू गुंडाळलेला, उजव्या हाताने चाती, म्हणजे सूत काढायची टकळी, मांडीवर घासून सोडायची, ती गरगरत खाली लोंबते, तोवर बोटं पेळू ओढतात. माणूस बोलतोय माझ्याशी, लक्ष बैलांकडे आणि हात आपोआप. विणायचं काम बहुतेक ठिकाणी सणगरांचं. म्हणजे लोकर एकाची, सूत त्याच्या फावल्या वेळेचं, माग दुसऱ्याचा आणि नफा खरं तर तिसऱ्याचा.

कारभारी म्हणजे गावचा पाटील का?

नाही. पाटील हा वतनदार. त्याच्याकडे कागद असतो, इनाम जमीन असते, सरकारदरबारी नाव असतं. अशा वाड्या सहसा एखाद्या मोठ्या गावच्या पोटात मोडायच्या. पाटील-कुलकर्णी त्या मोठ्या गावात. वाडीत उरतो तो कारभारी: वयाने वडील, शब्दाला वजन, भांडण मिटवायला बसणारा. त्याची सत्ता लोकांनी मानली तोवरच.

म्हणून चोळीचा प्रसंग एवढा मोठा होतो. कारभाऱ्याची अंजी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, मास्तर साधेपणाने आणतो. शहरी वाचकाला यात काय बिघडलं ते कळत नाही. पण ज्या म्हाताऱ्याकडे सनद नाही, पगार नाही, फक्त अब्रू आहे, त्याच्या लेकीला परक्या तरण्या माणसाने कापड आणलं तर त्याचं सगळं भांडवलच पणाला लागतं. तो ओरडत नाही. बोलणं सोडतो. वाडीत ती शिक्षा पुरते.

मास्तरला कोणत्या वर्गात बसवायचं?

हा माझा आवडता प्रश्न. कादंबरीचा कणा मला इथे दिसतो.

पैशाने मास्तर वाडीतल्या बऱ्याच जणांहून गरीब. मेंढरू नाही, जमीन नाही, वयाने पोर. भाकरीसाठीसुद्धा दुसऱ्याच्या चुलीचा आधार. पण त्याला लिहिता येतं. त्यामुळे पत्र वाचायला, अर्ज लिहायला, तालुक्याच्या गावचं काम करायला, नवरा-बायकोचा तंटा सोडवायलाही लोक त्याच्याकडे येतात. शिकवणं हे त्याच्या कामातलं सगळ्यात छोटं काम ठरतं. या मुलखात जमीनदार आणि कूळ अशी सरळ फाळणी नाही. इथली रेघ कागद वाचू शकणारा आणि न शकणारा यांच्यात आहे, आणि मास्तर एकटा पलीकडच्या बाजूला.

दादू बालट्याचा राग म्हणूनच नुसता खवटपणा वाटत नाही मला. कालपर्यंत गावात आपला शब्द चालायचा आणि आज हे मिसरूड फुटलेलं पोर सगळ्यांचं ऐकून घेतंय! अशा वेळी कागदालाच घाबरायचं आणि कागदाचाच वार करायचा, हे त्याला बरोबर समजलेलं असतं.

लेखकाचे वडील औंध संस्थानात कारकून होते. म्हणजे कागदावर जगणाऱ्या, पण पैशाने ओढगस्तीच्या घरातला हा मुलगा. मास्तरची अवघडलेली जागा त्याला बाहेरून शोधावी लागली नसणार.

आनंदा रामोशी चोर का दाखवलाय? हा जातीवर शिक्का नाही का?

रामोशी म्हणजे गावचा राखणदार, जागल्या. चोरी झाली तर माग काढायचा, नाहीतर भरून द्यायचं, अशी जबाबदारी आणि त्याबदली गावाकडून धान्य. इंग्रजी अमलात पोलीस आले, जुने हक्क गेले. १८३२ मध्ये फाशी गेलेले उमाजी नाईक याच असंतोषातून उठले. ज्याच्या हातून राखण काढून घेतली त्याच्यावरच मग संशयाची नजर. आज रामोशी महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत.

हे मनात ठेवून आनंदा वाचा. तो चोऱ्या करतो आणि मास्तरशी मैत्रीही करतो, दोन्ही सारख्याच निर्मळपणे. लेखक त्याला ना धुऊन काढतो ना झोडपतो. आजच्या वाचकाला ठसा खटकला तर ते गैर नाही. पण पोटासाठी उचलणारा आनंदा आणि तोलून-मापून लुटणारा बाजार यांत जास्त चोर कोण, हे ठरवायला पुस्तक आपल्याला मोकळं सोडतं.

आयबू धनगरांच्या वाडीत काय करतो?

आयबू मुलाणी. मुलाणी हा गावगाड्यातलाच एक. बकरं कापायचं तर कलमा पढून सुरी फिरवायला तो लागतो, देवाच्या जत्रेतलं बकरंसुद्धा. त्याबदली त्याचा वाटा. त्यामुळे धनगराच्या वाडीत एखादं मुसलमान घर असणं यात नवल काही नाही. मास्तरच्या शाळेत त्याची सोबत असते, कारण रात्री तो एकटा आणि हाही एकटा.

शेकूची बायको बैलाच्या जोडीला औत ओढते. खरंच असं व्हायचं?

व्हायचं. औताला दोन बैल लागतात, शेकूकडे एकच. एकेक बैल असलेले दोघे एकमेकांचा बैल आळीपाळीने वापरतात, त्याला वारंगुळा म्हणतात. पण वाफसा, म्हणजे औत चालवण्याजोगी ओल, थोडेच दिवस टिकतो आणि त्या दिवसांत कुणालाच बैल मोकळा नसतो. दोन दिवस थांबलात तर ओल उडाली. मग जूं खांद्यावर घ्यायला घरात उरतं कोण?

माणदेशाच्या खिल्लार बैलांची ख्याती दूरवर आहे, खरसुंडीला पौषात त्यांचा मोठा बाजार भरतो. जिथे एवढे देखणे बैल पैदा होतात तिथल्याच शेकूला दुसरा बैल परवडत नाही. लेखक या प्रसंगावर एक ओळही रडत नाही.

शेवटचा दुष्काळ कुठल्या सालचा?

एकच साल शोधू नका. या भागाने १८९६-९७, १८९९-१९००, १९१८ असे मोठे दुष्काळ पाहिले आणि मधले लहान तर कुणी मोजलेच नाहीत. १९७२ चा आपल्या आठवणीतला दुष्काळ कादंबरीनंतर सतरा वर्षांनी आला. कित्येकांना वाटतं तोच यात आहे.

कादंबरीच्या त्या शेवटच्या भागात मला दिसतो तो गाव रिकामा व्हायचा क्रम. ज्याचं सगळं पायांवर चालतं तो मेंढकू आधी निघतो, बिऱ्हाड घोड्यावर टाकून. दोन बिघे जमीन असलेला आशेवर थांबतो आणि जास्त हाल सोसून मग निघतो. 'जगायला जाणं' हाच तिथला शब्द. मास्तर राहतो सगळ्यात शेवटी, कारण त्याचा पगार पावसावर नाही. पण पोरंच नाहीत तर शाळा कुणाची?

ब्राह्मण-मराठा-धनगर असा उघड संघर्ष कादंबरीत का नाही?

वाडीत बहुतेक सगळे एकाच जातीचे, म्हणून तो आत येत नाही. हद्दीबाहेर तो होताच. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर याच मुलखात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्यावर लेखकाने पुढे 'वावटळ' लिहिली. दोन्ही लागोपाठ वाचा. 'बनगरवाडी' लिहिली गेली ती त्या जाळपोळीनंतर, तरी तिच्यात कडवटपणा नाही. मला याचं दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

चित्रपट पाहिला तर चालेल का?

अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा आहे. माळरान, घोंगड्या, तालीम डोळ्यांनी बघायची तर जरूर पाहा. पण पुस्तकातली शांतता पुस्तकातच आहे. परभाषिक मित्राला द्यायची असेल तर राम देशमुखांचा इंग्रजी अनुवाद १९५८ मध्येच निघालेला आहे.

आज तिथे काय दिसतं?

बरंच बदललंय. कृष्णेचं पाणी टेंभू योजनेतून उपसून आटपाडीकडे आलं, त्यामागे समान पाणीवाटपासाठी झालेली मोठी चळवळ आहे. डाळिंबाच्या बागा आहेत. खानापूर-आटपाडीकडची पोरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात, देशभर पसरली. 'जगायला जाणं' चालूच राहिलं, फक्त मेंढरांऐवजी मूस घेऊन. धनगर महाराष्ट्रात भटक्या जमाती 'क' मध्ये आहेत, साडेतीन टक्के आरक्षण आहे आणि अनुसूचित जमातीत घ्या ही मागणी वर्षानुवर्षं तापते आहे.

बागायत वाढली तशी चराईची रानं आटली. बागेला तार आली, तारेपलीकडे मेंढरू गेलं की भांडण. शेणखताची जागा पोत्यातल्या खताने घेतली, तरी कुठे कुठे अजून मेंढरं बसवतात.

जायचं असेल तर माडगुळ्याला 'बामणाचा पत्रा' पाहा. शेतातली ती पत्र्याची खोली, जिथे हे दोघे भाऊ येऊन लिहीत बसत. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट त्यांच्या वस्त्या, बघायचे असतील तर मात्र दिवाळीनंतर जाऊ नका. तोवर ते मेंढरं घेऊन खाली उतरलेले असतात. पावसाच्या तोंडावर परततात. मी पहिल्यांदा गेलो तो जानेवारीत. ज्या वाडीत गेलो तिथे दारांना कड्या, अंगणात एक म्हातारी आणि दोन कोंबड्या. "समदी गेल्याती," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.